एकोणिसांचा भात

सरूबाईला मी पहिल्यांदा झापलं ते घंटेवरून. शाळेवर रुजू होऊन मला तीन दिवस झाले होते. साडेदहा वाजले, मी घंटा द्यायला बाहेर आलो, तर ही बया घंटेची हातोडी पदराखाली धरून उभी.

"थांबा गुरुजी, दोघं वढ्यावर हायेत."

"शाळा घड्याळावर चालते सरूबाई, ओढ्यावर नाही."

"मंग घड्याळाला म्हना, जरा वढ्यात उतरून बघ."

खिचडी शिजवणारी बाई मला, जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला, हे सुनावते! माझा राग तसाही नाकाच्या शेंड्यावर असतो, आमच्या ओझरला कुणालाही विचारा. मी हातोडी हिसकावून घेतली आणि घंटा अशी बडवली की समोरच्या आंब्यावरचे कावळे उडाले. पाच मिनिटांनी दोन पोरं आली. मांड्यांपर्यंत भिजलेली, थोरल्यानं धाकट्याला पाठुंगळी घेतलेलं. मी दोघांच्या नावापुढं 'उशिरा' असं लाल शाईनं लिहिलं. सरूबाईनं त्यांच्या चड्ड्या पिळल्या आणि दोघांना चुलीपाशी बसवलं.

शाळा म्हणजे शिनोलीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला दोन खोल्या, एक किचनशेड आणि वरच्या टेकाडावर पाण्याची टाकी. वाडीचं नाव सांगत नाही. शाळाच उरली नाही, आता नाव घेऊन कुणाचं भलं होणार आहे? पहिली ते चौथी मिळून पोरं वीस, मास्तर मी एकटा. दुसरी जागा माझ्या आधीपासून रिकामी होती. सरूबाई मात्र अठरा वर्षं तिथं भात शिजवत होती. सरकारी कागदावर तिला 'स्वयंपाकी तथा मदतनीस' म्हणत. लिहिता-वाचता येत नव्हतं, सहीच्या जागी अंगठा.

तिची कामाची एक रीत होती. किचनशेडच्या दारातनं सगळी पायवाट दिसायची. पोर पायरी चढून वर आलं की ती पातेल्यात एक वाटी तांदूळ टाकायची. एक पोर, एक वाटी. वीस वाट्या एकदम मोजून टाकणं तिला कधी जमलंच नाही, किंवा तिला ते करायचंच नव्हतं. एखादं यायचं राहिलं तर त्याची वाटी भरून फळीवर वेगळी ठेवायची, आणि आधण ठेवून स्वतः त्याच्या घरी जायची.

"पोटात दुखतंय," म्हणून गोधडीत तोंड लपवणाऱ्या पोराला म्हणायची, "दुखू दे की. शाळंत बसून दुखत नाय व्हय?" गोधडीतनं खुदकन आवाज आला की संपलं. दप्तर हिच्या खांद्यावर आणि पोर पुढं. खरंच आजारी असलं, तर परत येऊन सांगायची, "अंग चटका देतंय. गैरहजर लिवा." आणि फळीवरची ती वाटी पुन्हा पोत्यात रिकामी करायची.

मला हे सगळं सुरुवातीला आगाऊपणाच वाटला. मग वर्षभरात कधी तरी माझ्या ध्यानात आलं की आपली लाल शाई थांबलीय आणि घंटा द्यायच्या आधी आपणही पायवाटेकडं बघतोय. पण हे मी तिला बोलून दाखवलं नाही. माणसानं लगेच सगळं कबूल करू नये.

तिसरीत नूतन नावाची मुलगी होती. बारीक चणीची, मोठ्यानं वाचणारी. तिचा बाप रामनाथ आणि आई दर वर्षी भातकापणी उरकली की खाली उतरायची, नारायणगावच्या बाजूला, कांद्याच्या लागणीला आणि टोमॅटोच्या बांधणीला. पार भाताच्या आवणीलाच, रोपं लावायलाच, वर यायची. नूतन तेवढे दिवस आजीपाशी, बायडाबाईपाशी राहायची. त्या वर्षी भादव्यात बायडाबाई गेली. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, तेव्हा नूतनच्या घराला कडी होती. सात महिन्यांचा भाऊ सांभाळायला आईबापांनी तिला बरोबर नेलं होतं.

आता माझी बाजू ऐका. त्याच महिन्यात तालुक्यानं वीसच्या आत पट असलेल्या शाळांची यादी मागवली होती. यादी मागवली की पुढं काय होतं, ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. आमचा पट बरोबर वीस. नूतन गेली की एकोणीस. शाळा बंद झाली तर पोरांना तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेत जावं लागणार, तेही मोठा ओढा ओलांडून. पहिलीचं पोर कसं जाईल? मी म्हटलं, आज ना उद्या येईल ती. तोवर झाकली मूठ राहू दे.

हजेरी रोज मोबाइलवरून भरायची असते. रेंज फक्त टाकीपाशी. मी रोज टेकाड चढायचो आणि वीसच्या वीस नावांपुढं 'हजर' करून खाली यायचो. पहिल्या दिवशी बोट जरा अडखळलं. पुढं तेही अडखळेना.

अडखळली ती सरूबाई. खिचडीच्या रोजच्या वहीत विसांचं धान्य दाखवायचं, तर पातेल्यात वीस वाट्या हव्यात. हिनं एकोणीसच टाकल्या.

"सरूबाई, विसांचा भात टाका."

"पोरं एकोनीस हायेत."

"वहीत वीस आहेत."

"मंग वहीला वाढा."

मी संतापलो. म्हटलं, "उरला तर घरी न्या ना! मी कुठं नको म्हणतोय?"

हे मी बोलायला नको होतं. अठरा वर्षांत त्या बाईनं शाळेतनं मिठाचा खडा घरी नेला नव्हता. त्या दिवसापासून तिनं वहीवर अंगठा द्यायचं बंद केलं, माझ्याशी बोलायचंही बंद केलं. फळीवर एक भरलेली वाटी मात्र रोज असायची. माझं लक्ष मुद्दाम दुसरीकडं ठेवून मी जेवायचो.

असा महिना गेला. मग एका रविवारी सरूबाई खाली नारायणगावला गेली. तिची मुलगी भागू तिकडंच मजुरीला असते. सोमवारी सकाळी मी गाडी लावत होतो, तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली.

"नूतन भेटली."

"बरी आहे ना?"

"कडंवर भाऊ घेऊन बांधावर बसती. शाळंत नाय."

"मग तिथल्या शाळेत घालायचं ना रामनाथनं! शाळा काय थोड्या आहेत तिथं?"

"घालाया गेलता त्यो. तुमी आडवं आलात."

मला कळेना. तिनं एकेक करून सांगितलं. रामनाथ पोरीचं आधार कार्ड घेऊन जवळच्या शाळेत गेला होता. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरवर नंबर टाकून पाहिला. नूतनचं नाव आमच्या शाळेत चालू, आणि नुसतं चालू नाही, रोज हजर. काल हजर, आज हजर. बाई म्हणाल्या, "अहो, मुलगी तिकडं शिकतेय असं दिसतंय इथं. एकच मुलगी दोन शाळांत मी कशी दाखवू? आधी तिकडून नाव सोडवून आणा." रामनाथ बिचारा भेदरला. त्याला वाटलं, आपल्यावर काही तरी बालंट येतंय. त्यानं कार्ड खिशात घातलं ते पुन्हा शाळेकडं फिरकलाच नाही.

म्हणजे मी टेकाडावर उभा राहून रोज त्या पोरीच्या तोंडावर शाळेचं दार लावत होतो.

पण माणूस चुकला की आधी आवाज चढवतो, तसा मी चढवला. "सरूबाई, तिचं नाव सोडलं की पट एकोणीस! शाळा बंद होईल. मला कुठंही शाळा मिळेल. तुमचं काय होईल, कळतं का?"

"कळतं की. मी अडानी हाय, येडी नाय."

मग ती पायरीवर बसली. मी इतकी वर्षं तिला काम करतानाच पाहिलं होतं, अशी बसलेली नव्हती पाहिली.

"माझी भागू चवथी पास हाय, म्हाईत हाय का तुमाला? दाखला हाय घरी. हितं भात शिजवाया लागायच्या आदी तिचा बाप आन मी दोन सालं खाली कामाला व्हतो. ती आमच्यासंगं. तवाचं गुरुजी लई चांगलं व्हतं, तुमच्यावानीच. पोरीचं नुकसान नको म्हनून रोज हजर लिवायचं. तिसरी पास केली, चवथी पास केली. आमी खूस! म्हनलं, देव मानूस. मंग पाचवीला घोडेगावला घातली. बाईंनी हिला उभी केली, म्हनल्या, फळ्यावरचं वाच. हिला एक अक्षर लागंना. सगळा वर्ग हसला. तिनं चार दिस काढलं आन आली पळून. पुन्यांदा गेली नाय. आज टमाट्याच्या क्रेटवरचं नाव दुसऱ्याला इचारती."

मी गाडीची किल्ली खिशात घातली.

"गैरहजर लिवलं असतं ना गुरुजी, तर कुनी तरी इचाराया आलं असतं, पोर कुठं हाय म्हनून. हजर लिवलेल्या पोराला कोन हुडकनार?"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या दिवशी मी टाकीपाशी गेलो आणि नूतनच्या नावापुढं पहिल्यांदा 'गैरहजर' केलं.

गुरुवारी मी रजा टाकली. केंद्रशाळेतून एक दिवसापुरता दुसरा शिक्षक आला, सरूबाईनं भात जावेवर सोपवला आणि आम्ही माझ्या गाडीवरनं नारायणगावला गेलो. घाटाच्या वळणांवर तिनं माझा शर्ट मागनं घट्ट धरला होता. रस्ताभर एकच विचारत होती, "आजच्या आज घेतील ना वो तिला?"

नूतन टोमॅटोच्या बांधावर कडुलिंबाखाली बसली होती. भाऊ मांडीवर झोपलेला. मला बघून ती उठायला गेली, पण भाऊ जागा होईल म्हणून तशीच बसली. मला वाटलं होतं, रडेल, रुसेल. ती हसली.

"गुरुजी, तिथल्या मॅडम म्हनल्या मी रोज हजर हाय. एक बी खाडा नाय माझा!"

मला माझी लाज वाटली. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. सरूबाईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं नूतनच्या मांडीवरचं पोर उचललं, आपल्या भागूला हाक मारली आणि म्हणाली, "ह्याला झोळी बांध तुज्या वळीच्या कडंला. बघशील ना?" भागू म्हणाली, "बघीन की." उंच, रापलेली, तिशीला टेकलेली बाई. नूतनचे केस तिनंच हातानं नीट केले. मी तिच्याशी काही तरी बोलायला हवं होतं.

रामनाथकडनं कार्ड घेऊन आम्ही नूतनला शाळेत नेलं. तिथल्या त्याच बाई, अश्विनी मॅडम, तशा कडकच होत्या. मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच तिसरीत आहे. "सर, तुम्ही आत्ता नाव सोडा, मी आत्ता घेते," एवढंच म्हणाल्या. तिथं रेंज भरपूर होती. मी मोबाइल काढला. नूतनचं नाव निवडलं. 'शाळा सोडली' या शब्दांवर माझं बोट थांबलं. पलीकडं एकोणीस हा आकडा होता, कुलूप लागलेल्या दोन खोल्या होत्या, आणि माझ्या शेजारी ती बाई उभी होती जिची रोजीरोटी त्यात जाणार होती. तिला पडद्यावरचं वाचता येत नव्हतं, पण मी थांबलोय हे कळलं.

"दाबा," ती म्हणाली. "पोर ताटकळलंय."

मी दाबलं.

मॅडमनी नूतनला फळ्यापाशी नेलं आणि वाचायला सांगितलं. सरूबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. नूतननं फळ्याकडं पाहिलं. गप्प. एक मुलगा मागनं फिसकन हसला. मग तिनं बोट वर केलं आणि एकेका अक्षराखाली नेत वाचायला लागली. महिनाभरात जोडाक्षरं गळाली होती. 'प्रकाश'ला अडली, मागं गेली, पुन्हा आली, आणि 'प्रकाश' म्हणाली. मग आवाज मोठा झाला, आमच्या शाळेत होता तसा.

"वाचती," सरूबाई म्हणाली. "वाचती वो गुरुजी. अजून वाचती." आणि मग तिथं, वर्गाच्या दारात, तिला हुंदका आवरेना. तो नूतनसाठी होता की भागूसाठी, हे मी विचारलं नाही.

मी तालुक्याला लेखी कळवलं की महिनाभराची हजेरी मी खोटी भरली. कारणे दाखवा नोटीस आली, माझी एक वेतनवाढ थांबली. ती थांबायलाच हवी होती. पट एकोणीस झाला. वाडीतली माणसं माझ्यावर खवळली, ते ठीकच होतं. पण सरूबाईलाही बोलली. गेणभाऊ म्हणून आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष होते, ते तिला तोंडावर म्हणाले, "एका पोरीपायी तू एकोनीस पोरांची शाळा घालवलीस." दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चुलीपाशी. पोर पायरी चढलं की वाटी. फळीवर आता वाटी नव्हती.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी मी दोन्ही खोल्यांना कुलपं लावली. सरूबाईनं पातेलं घासून, पालथं घालून ठेवलं. आमची शाळा ओढ्यापलीकडच्या शाळेला जोडली गेली, माझीही बदली तिथंच झाली. तिथं भात शिजवायला दोन बायका आधीपासून होत्या. तिसरीला जागा नव्हती. मी अर्ज केला, खेटे घातले, दोनदा तालुक्याच्या साहेबांशी भांडलो. उपयोग शून्य. जूनमध्ये रामनाथ आवणीला वर आला, नूतनही आली आणि आमच्या नव्या शाळेत चौथीत बसली. आणखी सहा महिने थांबलो असतो तर पट पुन्हा वीस होता, असं गेणभाऊ अजून म्हणतात. खरं आहे. पण सहा महिन्यांत नूतन काय झाली असती, ते गेणभाऊ धरत नाहीत.

वीसपैकी नऊ पोरं आईबापांनी मामाकडं, आश्रमशाळेत, कुठं कुठं घातली. अकरा उरली. ती अकरा पहिल्या दिवसापासून वेळेवर यायला लागली. मला नवल वाटलं. मग फाटकाबाहेर पाहिलं तर सरूबाई. तीन किलोमीटर पोरं आणायची, हजेरी होईपर्यंत फाटकाशी उभी राहायची, आणि पाच वाजता न्यायला परत हजर. मी म्हटलं, "सरूबाई, कशाला हा ताप? पगार नाही, काही नाही." तर म्हणाली, "घरी बसून तरी काय करू?"

जुलैत एके दिवशी पाऊस हटेचना. साडेदहा झाले, अकरा झाले, अकरापैकी एकही पोर नाही. नेमके त्याच दिवशी जिल्ह्याचे साहेब तपासणीला आलेले. माझ्या वर्गात बसून त्यांनी हजेरीपट पुढं ओढला. "अकरा गैरहजर? एका वाडीतली?" मी म्हटलं, "ओढा आहे, साहेब." माझं अर्धं लक्ष दाराकडं होतं.

सव्वाअकराला पोरं आली. ओळीनं, एकमेकांचे हात धरून, नूतन सगळ्यांत मागं. खोळी पांघरलेली पोरं गुडघ्यापर्यंत ओली होती. सरूबाई छातीपर्यंत. एकेकाला खांद्यावर घेऊन तिनं अकरा फेऱ्या केल्या होत्या. दारात उभी राहून ती धापा टाकत होती, लुगड्यातनं पाणी गळत होतं.

साहेब म्हणाले, "पाऊण तास उशीर." मी तोंड उघडणार होतो, आणि ते चांगलं उघडलं नसतं. पण तीच आधी बोलली.

"व्हय साहेब, उशीर झालाय. उशीरच लिवा. अकरा निघाली व्हती, अकरा आनल्यात."

साहेब जरा वरमले. त्यांनी भेटीच्या वहीचं पान उलटलं, पेन काढलं आणि चांगल्या आवाजात विचारलं, "बाई, तुमचं नाव काय? कुठल्या शाळेवर आहात? नोंद घेतो मी."

सरूबाईनं पदर पिळला.

"माझं नका लिवू," ती म्हणाली. "माझी शाळा बंद झाली."

मग ती निघाली, ओढा आणखी चढायच्या आत पलीकडं पोचायला हवं म्हणून. साहेब पेन तसंच धरून बसले. मी हजेरीपट माझ्याकडं ओढला आणि अकरा नावांपुढं 'उशिरा' लिहिलं.